पायथनच्या डेटटाइममधला तारीख वाचण्याचा बग: नक्की कसा दुरुस्त करायचा

सीपायथनमध्ये (पायथनचं सीमध्ये लिहिलेलं मूळ रूप) एखादी तारीख चुकीची वाचली जाते असं दिसलं की हात थेट रेग्युलर एक्स्प्रेशनकडे (मजकुराचा साचा जुळवणारं सूत्र) जातो. एक अक्षर बदललं, आपली स्ट्रिंग चालली, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाकली. मग ती परत येते, आणि परत येण्याची कारणं ठरलेली असतात. दुरुस्ती सी आणि शुद्ध पायथन या दोन इम्प्लिमेंटेशनपैकी एकातच केलेली असते, किंवा टेस्ट फक्त "आता चालतं" एवढंच सांगते आणि काय नाकारलं जायला हवं याबद्दल गप्प असते, किंवा मुळात तो बगच नसतो. खालचा क्रम या तीन चुका टाळण्यासाठी आहे.

कोड, फाइल आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ रोमन रूप वापरा. रोमन अंक (0 ते 9) फक्त इनपुटच्या आणि कोडच्या नमुन्यांत आहेत, कारण यातल्या एका बगचा सगळा खेळच अंकांच्या लिपीचा आहे.

तोच बग उदाहरण म्हणून धरू. पायथन ३.१२ मध्ये स्ट्रपटाइमला (दिलेल्या फॉरमॅटप्रमाणे मजकुरातून तारीख वाचणारं फंक्शन) चार अंकी वर्ष, महिना, दिवस आणि मध्ये डॅश असा फॉरमॅट द्या आणि हे चार इनपुट टाका:

- २०२४-05-12 : स्वीकारलं, १२ मे २०२४
- 2024-०५-12 : व्हॅल्यू-एरर, म्हणजे नाकारलं
- 2024-05-1२ : स्वीकारलं, १२ मे २०२४
- 2024-05-3१ : व्हॅल्यू-एरर

देवनागरी वर्ष चालतं पण महिना चालत नाही. १२ तारखेचा दुसरा अंक देवनागरी चालतो, ३१ तारखेचा चालत नाही. वर्तन असं अर्धवट दिसलं की बगचा वास येतो. पण अजून कोड उघडू नका.

## १. आधी ठरवा: हा बग आहे की लिहून ठेवलेला नियम

डॉक्युमेंटेशनमधलं फॉरमॅट कोडचं कोष्टक आणि त्याखालच्या टिपा पूर्ण वाचा. लोक ज्याला बग म्हणतात त्यातलं बरंचसं तिथेच सापडतं:

- दोन अंकी वर्षात ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. १९६५ ची जन्मतारीख "65" लिहिली तर २०६५ येणारच.
- वर्ष दिलं नाही तर १९०० धरलं जातं. १९०० लीप वर्ष नव्हतं, म्हणून नुसतं "29 फेब्रुवारी" वाचता येत नाही. ३.१३ पासून वर्षाशिवाय दिवस वाचायला गेलात तर डेप्रिकेशनचा इशाराही येतो.
- वाराचं नाव वाचलं जातं, पण तारखेशी ताडून पाहिलं जात नाही. १४ मे २०२४ मंगळवार होता. तिथे सोमवार लिहिला तरी स्ट्रपटाइम तक्रार करत नाही.
- महिना आणि दिवस यांच्या आधीचं शून्य ऐच्छिक आहे. त्यामुळे "2024111" ही स्ट्रिंग डॅशशिवायच्या फॉरमॅटने वाचली तर १ नोव्हेंबर मिळतो, ११ जानेवारी नाही.
- फ्रॉम-आयसो-फॉरमॅटला (आयसो पद्धतीत लिहिलेली तारीख वाचणारं फंक्शन) यूटीसी दाखवणारा शेवटचा "झेड" ३.११ पासून चालतो. त्याआधीच्या आवृत्तीत तो नाकारला जाणं ही मर्यादा होती, आणि ती लिहून ठेवलेली होती.

टाइमझोनच्या नावाचा कोड, म्हणजे मोठा झेड, याची गोष्ट जरा वेगळी आहे आणि आपल्याकडे हमखास नडते. तो फक्त यूटीसी, जीएमटी आणि त्या मशीनच्या टाइमझोनची नावं ओळखतो. मुंबईतल्या लिनक्स किंवा मॅक लॅपटॉपवर "आयएसटी" बिनबोभाट वाचलं जातं. तोच कोड यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर गेला की व्हॅल्यू-एरर. शिवाय वाचलं गेलं तरी हातात येणाऱ्या डेटटाइमला टाइमझोन चिकटलेला नसतोच. आयएसटी ही अक्षरं भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही वापरतात, तेव्हा "ओळखून ऑफसेट लावा" अशी मागणी घेऊन गेलात तर ती नाकारली जाईल.

तपासा: डॉक्युमेंटेशनमधलं कुठलं वाक्य मोडलं जातंय ते दाखवता येतं का? येत असेल तर तो बग. तसं वाक्यच नसेल तर हा निर्णयाचा प्रश्न आहे; कोड लिहिण्याआधी इश्यूमध्ये चर्चा करा. आपलं अंकांचं उदाहरण दुसऱ्या प्रकारातलं आहे. सगळे अंक चालू द्यायचे की फक्त रोमन, हे आधी कुणीतरी ठरवायला हवं.

## २. मुख्य शाखेवर बिल्ड करा

डिस्ट्रोबरोबर आलेल्या पायथनवर बग दाखवून उपयोग नाही. ३.१२ ला एप्रिल २०२५ पासून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. तिथला साधा बग कितीही खरा असला तरी त्या शाखेत दुरुस्त होणार नाही. रेपॉझिटरी क्लोन करा, मेन शाखेवर राहा, कॉन्फिगर स्क्रिप्ट "विथ-पायडीबग" पर्यायासह चालवा आणि मग मेक. पायडीबगमुळे असर्शन (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या) चालू होतात आणि रेफरन्स-गळती (वापरून न सोडलेले ऑब्जेक्ट) मोजता येते. पुढे सी कोडला हात लावावा लागला तर हा बिल्ड लागतोच.

मॅकवर तयार होणाऱ्या फाइलला शेवटी "डॉट ईएक्सई" असतं. विंडोज नसलं तरी घाबरू नका. "पायथन" नावाचं फोल्डर आधीच असल्यामुळे आणि मॅकची फाइलसिस्टम लहान-मोठं अक्षर वेगळं मानत नसल्यामुळे ती सोय आहे.

आता चारही इनपुट या बिल्डवर पुन्हा चालवा. जुन्या आवृत्तीवर सापडलेला बग मेनवर आधीच मिटलेला असणं ही रोजचीच गोष्ट आहे. मिटला असेल तर गिट बायसेक्टने कुठल्या कमिटने मिटवला ते शोधा आणि दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या शाखांमध्ये तो बॅकपोर्ट झालाय का, म्हणजे तिथेही नेलाय का, ते पाहा. तेवढं इश्यूवर लिहिलं तरी काम झालं.

## ३. परिसर गोठवून बग पुन्हा घडवा

स्ट्रपटाइमचं उत्तर तीन बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून असतं: लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग), टाइमझोन आणि त्याच प्रोसेसमध्ये आधी काय चाललं होतं. तिन्ही पक्क्या केल्याशिवाय "माझ्याकडे घडतं" याला अर्थ नाही.

लोकेल. पायथन सुरू होताना वापरकर्त्याचं लोकेल फक्त एलसी-सीटाइप या वर्गासाठी लावतो. एलसी-टाइम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मराठीवर ठेवला तरी महिन्यांची नावं इंग्रजीच राहतात; सेट-लोकेल स्वतः बोलवावं लागतं. ते बोलावल्यावर "जानेवारी" वाचलं जातं आणि "जॅन्युअरी" नाकारलं जातं, तेही बरोबरच. महिन्यांची नावं ऑपरेटिंग सिस्टमच्या सी लायब्ररीतून येतात. त्यामुळे लिनक्स, मॅक आणि विंडोजवर संक्षिप्त रूपं वेगळी असू शकतात, आणि डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये मराठी लोकेल मुळातच नसू शकतं.

टाइमझोन. प्रोसेस सुरू करण्याआधीच टीझेड व्हेरिएबल द्या. चालू प्रोसेसमध्ये बदललात तर टाइम मॉड्यूलमधलं टीझेड-सेट बोलवा, आणि ते विंडोजवर नाही हे ध्यानात ठेवा.

कॅशे. स्ट्रपटाइम प्रत्येक फॉरमॅटचं रेग्युलर एक्स्प्रेशन बनवून जपून ठेवतो. लोकेल किंवा टाइमझोनची नावं बदलली की ही साठवण फेकली जाते. कोड बदलल्यावर त्याच चालू शेलमध्ये परत तपासत बसलात तर जुनंच मॉड्यूल आणि जुनंच एक्स्प्रेशन चालत राहतं. दरवेळी नवी प्रोसेस.

थांबा: इनपुट कॉपी-पेस्ट केलेलं असेल तर प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून बघा. २०२२ मधल्या सीएलडीआर ४२ (युनिकोडचा भाषा-प्रदेशांचा डेटा) पासून इंग्रजी वेळेत मिनिटं आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी अरुंद नो-ब्रेक स्पेस आली. डोळ्याला फरक दिसत नाही. पायथन ती चालवून घेतो, पण का चालवून घेतो ते सहाव्या टप्प्यात उपयोगी पडणार आहे.

## ४. कुठल्या फाइलीत बघायचं

इथे चूक झाली तर अर्धा दिवस जातो.

स्ट्रपटाइम एकाच ठिकाणी आहे: लिब फोल्डरमधली अंडरस्कोर-स्ट्रपटाइम ही फाइल. शुद्ध पायथन. डेटटाइमचं सी इम्प्लिमेंटेशनही शेवटी तिलाच बोलावतं आणि टाइम मॉड्यूलचं स्ट्रपटाइमही. त्यामुळे दुरुस्ती एकदाच करावी लागते, पण तिचा परिणाम दोन्ही मॉड्यूलवर होतो.

फ्रॉम-आयसो-फॉरमॅट मात्र दोनदा लिहिलेलं आहे: एकदा मॉड्यूल्स फोल्डरमधल्या डेटटाइमच्या सी फाइलमध्ये, आणि एकदा लिबमधल्या अंडरस्कोर-पायडेटटाइममध्ये. रोजच्या वापरात सी चालतं. शुद्ध पायथनची प्रत पायपायसारख्या इम्प्लिमेंटेशनना लागते, आणि दोघांनी एकाच इनपुटला एकच उत्तर द्यायचं असतं. जिथे देत नाहीत तिथे बग.

दोन्हींत फरक पडतो तो बहुधा या दोन जागी:

पहिली, इंट. पायथनच्या बाजूला स्ट्रिंगचा तुकडा कापून सरळ इंटला दिला की नको ते खूप चालून जातं. इंट "१२" घेतो, "+5" घेतो, " 5" घेतो आणि "1_0" ला दहा म्हणतो. सी कोड एकेक बाइट शून्य ते नऊमध्ये आहे का ते बघतो, त्यामुळे तिथे हे सगळं नाकारलं जातं.

दुसरी, लांबी. सी कोड यूटीएफ-८ बाइट मोजतो, पायथन अक्षरं मोजतो. देवनागरी अंक तीन बाइटचा. शिवाय तारीख आणि वेळ यांच्यामध्ये "टी" ऐवजी कुठलंही एक युनिकोड अक्षर चालतं, म्हणजे "2024-05-12व10:00" हे वैध इनपुट आहे. "दहाव्या स्थानी विभाजक, अकरावीपासून वेळ" असं गृहीत धरणारा बदल इथे घसरतो.

## ५. आधी मोडणारी टेस्ट

स्ट्रपटाइमसाठी टेस्ट-स्ट्रपटाइम. फ्रॉम-आयसो-फॉरमॅटसाठी डेटटाइम-टेस्टर; टेस्ट-डेटटाइम ही फाइल त्यातल्या टेस्ट दोन्ही इम्प्लिमेंटेशनवर चालवते आणि क्लासच्या नावापुढे "प्युअर" किंवा "फास्ट" लावते. डेटटाइम-टेस्टरमध्ये लिहिताना क्लासचं नाव थेट न घेता "सेल्फ-डॉट-द-क्लास" वापरा, म्हणजे सबक्लासवरही तीच टेस्ट चालते.

एक टेस्ट पुरत नाही. निदान हे गट हवेत, प्रत्येक इनपुट सब-टेस्टमध्ये:

१. ज्याने बग दिसला ते इनपुट.
२. त्याची भावंडं: तोच दोष प्रत्येक घटकात. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, ऑफसेट. अंक पहिल्या जागी आणि शेवटच्या जागी, दोन्हीकडे.
३. जे आधी चालत होतं आणि पुढेही चालायलाच हवं.
४. जे नाकारलं जायला हवं, व्हॅल्यू-एरर अपेक्षित धरून.

ऑफसेटच्या टेस्टमध्ये आपण नेहमी +05:30 टाकतो आणि निवांत होतो. धन ऑफसेटने चिन्हाची चूक कधीच पकडली जात नाही. -03:30 आणि -00:30 टाका. उणे चिन्ह फक्त तासांना लावलं आणि मिनिटांना विसरलं तर पहिल्यात एका तासाचा फरक पडतो, आणि दुसऱ्यात तास शून्य असल्याने चिन्हच गायब होतं.

सीमेवरची आणखी काही इनपुट: 2020-डब्ल्यू53-5 म्हणजे १ जानेवारी २०२१, पण 2021-डब्ल्यू53-1 अवैध, कारण २०२१ मध्ये आयसोचे ५२ च आठवडे. सेकंद 60 टाइमच्या स्ट्रपटाइमला चालतो, डेटटाइमच्या नाही. सेकंदाच्या अपूर्णांकात नऊ अंक आले तर ३.११ पासूनचं फ्रॉम-आयसो-फॉरमॅट सहानंतरचे कापून टाकतं. स्ट्रपटाइमचा लहान एफ सहापर्यंतच घेतो आणि उरलेल्यावर एरर देतो. ही विसंगती वाटली तरी आत्ता दुरुस्त करायला जाऊ नका. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बग.

लोकेल लागणाऱ्या टेस्टवर रन-विथ-लोकेल आणि टाइमझोनसाठी रन-विथ-टीझेड हे डेकोरेटर वापरा. टेस्टमध्ये हाताने सेट-लोकेल करून परत ठेवायला विसरलात तर आपली टेस्ट हिरवी आणि तिसऱ्याच फाइलमधली लाल, असा प्रकार होतो.

तपासा: दुरुस्ती न करता टेस्ट चालवा. पहिल्या दोन गटांत अपयश दिसलंच पाहिजे आणि तिसरा गट हिरवा हवा. सगळंच हिरवं असेल तर टेस्ट बगला शिवतच नाही. "व्ही" पर्यायाने सविस्तर आउटपुट घ्या आणि प्युअर व फास्ट ही दोन्ही नावं दिसतात का ते डोळ्याने पाहा.

## ६. दुरुस्ती

आपल्या उदाहरणातलं कारण आता उघड आहे. ३.१२ मधल्या स्ट्रपटाइमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये वर्ष म्हणजे चार वेळा बॅकस्लॅश-डी. युनिकोड स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश-डी कुठल्याही लिपीचा दशमान अंक घेतो. महिन्याचं एक्स्प्रेशन मात्र 1[0-2], 0[1-9] किंवा [1-9], म्हणजे पूर्ण रोमन. दिवसात ३०-३१ रोमन, पण १० ते २९ चा दुसरा अंक बॅकस्लॅश-डी. चारही उत्तरांचा खुलासा एवढाच.

इश्यूत फक्त रोमन अंक घ्यायचे ठरलं असं धरू. सगळ्यांना आधी सुचते ती दुरुस्ती चुकीची आहे: एक्स्प्रेशन कंपाइल करताना री-मॉड्यूलचा आस्की फ्लॅग (फक्त साधी इंग्रजी अक्षरं-अंक धरणारा पर्याय) लावायचा. एक शब्द, बग गायब. पण सोबत दोन गोष्टी मोडतात. फॉरमॅटमधली मोकळी जागा एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश-एस होते. आस्की फ्लॅगमुळे ती फक्त साध्या स्पेसवर्गालाच जुळते, आणि तिसऱ्या टप्प्यातली अरुंद नो-ब्रेक स्पेस असलेली वेळ, जी आजवर वाचली जात होती, ती फुटते. दुसरं म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करण्याची सोय आस्कीपुरती उरते, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेला रशियन किंवा ग्रीक महिना जुळेनासा होतो. मराठीत लहान-मोठं अक्षर हा प्रकार नाही. आपल्या महिन्यांवर तपासलंत तर ही मोडतोड दिसणारही नाही.

बरोबर दुरुस्ती कंटाळवाणी आहे: अंकांच्या प्रत्येक कोडमधला बॅकस्लॅश-डी काढून [0-9] लिहायचा. दोन्ही प्रकारची वर्षं, दिवस, तास, मिनिट, सेकंद, वर्षातला दिवस, आठवडे, आणि लहान झेडच्या ऑफसेटमधलेसुद्धा. शेवटचा लोक विसरतात.

उलट बाजूनेही एक सापळा आहे. महिन्यांच्या नावांभोवती शब्दाची सीमा घट्ट करायला बॅकस्लॅश-डब्ल्यू किंवा बॅकस्लॅश-बी वापरू नका. पायथनच्या री-मॉड्यूलला काना, मात्रा, वेलांटी ही शब्दातली अक्षरं वाटत नाहीत. "जानेवारी" त्याच्या लेखी पहिल्या कान्यालाच तुटतो.

सी बाजूला बदल करत असाल तर प्रत्येक एरर-मार्गावर घेतलेले रेफरन्स सोडले जातात का ते पाहा. चुकीच्या इनपुटचा मार्ग क्वचित चालतो, गळती तिथेच लपते. एरर-मेसेज बदलण्याचा मोह टाळा. तो ताडून पाहणारे लोक आहेत.

## ७. चालवायच्या टेस्ट, याच क्रमाने

१. फक्त आपली टेस्ट, "एम" पर्यायाने नाव जुळवून.
२. टेस्ट-स्ट्रपटाइम, टेस्ट-डेटटाइम, टेस्ट-टाइम आणि टेस्ट-कॅलेंडर पूर्ण.
३. हेच टीझेड आशिया-कोलकाता, यूटीसी आणि अमेरिका-न्यूयॉर्क ठेवून. घड्याळ पुढेमागे करणारा निदान एक टाइमझोन हवाच, आणि तो आपल्याकडे नाही.
४. सी बदलला असेल तर मोठा आर आणि 3:3 हा पर्याय, रेफरन्स-गळतीसाठी. याला वेळ लागतो; चहा करा.
५. मेक पॅचचेक.

## ८. नोंद, डॉक्युमेंटेशन, पुल रिक्वेस्ट

ब्लर्ब या साधनाने बातमीची नोंद करा. ती मिस्क फोल्डरमधल्या न्यूज-डी खाली लायब्ररी विभागात जाते. नोंद वापरकर्त्यासाठी लिहा. "रेग्युलर एक्स्प्रेशन बदललं" याचा त्याला उपयोग नाही. "स्ट्रपटाइम आता आस्कीबाहेरचे अंक कुठल्याच घटकात स्वीकारत नाही" हे कळतं. वर्तन बदललं असेल तर डॉक्युमेंटेशनमध्ये त्या फंक्शनखाली व्हर्जन-चेंज्डची ओळ घाला.

पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात सुरुवातीला जीएच, डॅश आणि इश्यू क्रमांक. पहिल्यांदाच करत असाल तर कॉन्ट्रिब्युटर करारावर सही लागते. रिव्ह्यू सुरू झाल्यावर फोर्स-पुश करू नका. नवे कमिट टाकत राहा, मर्ज करताना ते एकत्र होतातच.

बॅकपोर्टचा निर्णय कोअर डेव्हलपर लेबल लावून घेतात, पण तुमचं मत इश्यूत लिहा. अवैध इनपुटवर क्रॅश होणं किंवा सी आणि पायथनची उत्तरं वेगळी येणं हे जुन्या शाखांत नेण्यासारखं आहे. अंकांच्या उदाहरणात मात्र बॅकपोर्ट मागू नका. कुणाचा तरी फॉर्म देवनागरीत वर्ष पाठवत असेल आणि आजवर तो निमूट चालत आला असेल, ३.१३.४ वरून ३.१३.५ वर गेल्यावर तो अचानक बंद पडला तर त्याच्या दृष्टीने बग तुम्ही घातलेला असेल. असा बदल पुढच्या मोठ्या आवृत्तीत आणि व्हॉट्स-न्यूच्या पानावरच्या ओळीसह जातो.